फिजिक्समध्ये २ आले, आता कॉलेजचं काय? एका एपी स्कोअरचं प्रकरण

प्रकरण न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीतल्या एका मराठी घरातलं आहे. नावं देत नाही, पण घरच्यांना विचारूनच लिहितेय. मुलगी पब्लिक हायस्कूलमधली, २०२४ च्या जूनमध्ये अकरावी संपवली, मेकॅनिकल इंजिनिअरिंगच करायचं हे बऱ्याच आधीपासून ठरलेलं. बाबा आयटीत, आई फार्मा कंपनीत. बाबांचं इंजिनिअरिंग महाराष्ट्रात झालेलं, नव्वदीच्या दशकात, बारावीच्या पीसीएमच्या मार्कांवर मेरिट लिस्ट लागायची तेव्हाचं. एक मार्क इकडेतिकडे झाला की ब्रँच बदलायची, गाव बदलायचं. ही बाबांची पार्श्वभूमी लक्षात ठेवा कारण पुढचा निम्मा गोंधळ तिच्यातूनच निघालाय.

जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एपीचे स्कोअर आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते, एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, कॉलेज बोर्ड चालवतं, एसएटी ही प्रवेशपरीक्षा घेणारेच ते. शाळेत वर्षभर कॉलेजच्या लेव्हलचा कोर्स करायचा आणि मे महिन्यात त्याची देशभर एकच परीक्षा, १ ते ५ असा स्कोअर. कोर्सची ग्रेड वेगळी, ती शाळेचा शिक्षक देतो. परीक्षेचा स्कोअर वेगळा, तो बाहेरून येतो. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच आपल्या लोकांना पचत नाही.

तर हिचे स्कोअर असे: कॅल्क्युलस बीसी (एपी कॅल्क्युलसच्या दोन पेपरांतला वरचा) ५, इंग्लिश लँग्वेज ४, यूएस हिस्ट्री ३, आणि फिजिक्स सी मेकॅनिक्स २. दहावीत वर्ल्ड हिस्ट्री दिली होती त्यात ४ होते. शाळेच्या ग्रेडा पाहिल्या तर कॅल्क्युलसला ए, फिजिक्सला बी प्लस.

मेकॅनिकलला जाणारी पोरगी आणि मेकॅनिक्समध्ये २. बाबांचा मला फोन आला तोच मुळी, "ताई, सगळं बोंबललं." मी काय शाळेत काउन्सेलर वगैरे नाही, माझी स्वतःची दोन मुलं या चक्रातून गेली आणि त्यानंतर ओळखीतले लोक फोन करतात, एवढंच. पण फोनवर ऐकताना कळलं की बाबांच्या डोक्यात २ म्हणजे १०० पैकी ४० आणि ४० म्हणजे मेरिट लिस्टच्या बाहेर, असं सरळ गणित मांडून झालेलं आहे. त्यात भर म्हणजे जूनमध्ये त्यांनीच आग्रहाने फुकटचा स्कोअर रिपोर्ट रटगर्सला, म्हणजे न्यू जर्सीच्या सरकारी युनिव्हर्सिटीला, पाठवायला लावला होता. दरवर्षी एक रिपोर्ट एका कॉलेजला फुकट जातो, २० जूनपर्यंत कॉलेज निवडायचं असतं, नंतर पाठवलात तर १५ डॉलर. पंधरा डॉलर वाचतायत तर पाठवून टाकू, हा विचार. पण गंमत अशी की तेव्हा स्कोअर कोणालाच माहीत नसतो, आणि मुद्दाम रद्द केले किंवा थांबवले नाहीत तर रिपोर्टमध्ये आजवरचे सगळे एपी स्कोअर एकत्र जातात, चांगले तेवढेच निवडून पाठवू असं करता येत नाही. म्हणजे तो २ रटगर्सकडे रवाना झालेला.

बाबांचं म्हणणं, लगेच कॅन्सल करून टाकू. आई म्हणाली, पैसे भरून तो स्कोअर कॉलेजकडे जायचा थांबवता येतो ना? मुलगी दोन दिवस खोलीतून बाहेर आली नव्हती आणि बाहेर आल्यावर म्हणाली, मी मेजरच (डिग्रीचा मुख्य विषय) बदलते. तीन माणसं आणि तीन वेगळे उपाय. गंमत म्हणजे तिघांचाही प्रश्न एकच, की कॉलेजवाले हा आकडा बघून काय करणार?

आधी स्कोअर २ का आला ते बघू, कारण त्याशिवाय पुढचं काही ठरवता येत नव्हतं. मुलीला बसवून विचारलं. २०२४ पर्यंत मेकॅनिक्सचा पेपर दीड तासाचा होता, ४५ मिनिटांत ३५ ऑब्जेक्टिव्ह आणि पुढच्या ४५ मिनिटांत ३ मोठे प्रश्न. ती म्हणाली, "मावशी, पहिल्या मोठ्या प्रश्नातच मी पंचवीस मिनिटं घालवली." आणि रोटेशन? रोटेशन वर्गात एप्रिलच्या शेवटी आलं, मोमेंट ऑफ इनर्शियाचं इंटिग्रेशन एका आठवड्यात उरकलं. आणि हे फक्त तिच्या शाळेचं नाही. न्यू जर्सीत बहुतेक शाळा लेबर डे झाला की सप्टेंबरात सुरू होतात, दक्षिणेकडच्या बऱ्याच राज्यांत ऑगस्टच्या सुरुवातीलाच सुरू होतात, पण परीक्षा सगळ्यांची मे महिन्यातल्या त्याच दिवशी. एक महिना तिथेच गेला, त्यात बर्फाच्या सुट्ट्या. शिवाय फिजिक्स सी मध्ये कॅल्क्युलस लागतं आणि ती कॅल्क्युलस त्याच वर्षी शिकत होती, म्हणजे जे इंटिग्रल फिजिक्सला जानेवारीत लागलं ते गणिताच्या वर्गात मार्चमध्ये आलं. कारणं आहेत म्हणून २ चे ४ होत नाहीत, हेही तिला सांगितलं. मेकॅनिक्स सी देणाऱ्या बहुतेक मुलांना ३ किंवा त्याहून जास्त असतात, कारण मुळात हा पेपर घेणारी मुलंच तयारीची असतात. तेव्हा स्कोअर वाईट आहे, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

आता कॉलेजवाले काय बघतात. बहुतेक कॉलेजं दरवर्षी कॉमन डेटा सेट नावाचा एक फॉर्म भरून जाहीर करतात, गुगल केलं की मिळतो. त्यात सी७ म्हणून एक तक्ता आहे, ॲडमिशनमध्ये कशाला किती महत्त्व देतो ते कॉलेजने स्वतः टिक केलेलं असतं. मी बाबांना तो तक्ता लॅपटॉपवर उघडून दाखवला. पहिल्याच ओळीत हायस्कूलमधल्या कोर्सची काठिण्यपातळी, मग रँक, जीपीए (ग्रेडांची सरासरी), एसएटी-एसीटीसारख्या परीक्षा, निबंध, शिफारसपत्रं, पुढे खेळ-छंद-नोकरी वगैरे. बाबा खाली खाली स्क्रोल करत गेले आणि म्हणाले, "एपीचा स्कोअर कुठाय?" नाहीये. एपी स्कोअरला त्या तक्त्यात स्वतःची ओळच नाही. एपी येतं ते पहिल्या ओळीत, काठिण्यपातळीत, म्हणजे तू एपीचा कोर्स घेतलास का आणि तुझ्या शाळेत जेवढे होते त्यातले किती घेतलेस. शाळा प्रत्येक ॲप्लिकेशनसोबत स्वतःचं एक प्रोफाइल पाठवते, आमच्याकडे इतके एपी आहेत वगैरे, त्यावरून ताडून बघतात. एपीच नसलेल्या शाळेतल्या मुलाला एपी का नाही म्हणून कोणी मार्क कापत नाही.

दुसरी गोष्ट, कॉमन ॲपमध्ये, म्हणजे बऱ्याच कॉलेजांना चालणाऱ्या एकाच ऑनलाइन अर्जात, एपीचे स्कोअर स्वतःच टाकायचे असतात, तेही वाटलं तर. फॉर्म विचारतो की किती एपी रिपोर्ट करायची इच्छा आहे. इच्छा! ऑफिशियल रिपोर्ट बहुतेक ठिकाणी ॲडमिशन मिळून तुम्ही हो म्हटल्यावर क्रेडिटसाठी मागवतात, म्हणजे कॉलेजातला तो कोर्स आधीच झालाय असं धरण्यासाठी. बाबांना हे फसवल्यासारखं वाटत होतं, "म्हणजे खराब स्कोअर लपवायचा?" मी म्हटलं, जिथे कॉलेज सगळे स्कोअर द्या असं सांगतं तिथे सगळे द्यायचे, जिथे तुमच्यावर सोडलंय तिथे निवडायचे, यात खोटं काहीच नाही. आणि सगळे मागणारं कॉलेज असतं, उदाहरणार्थ येलने फेब्रुवारी २०२४ मध्ये जाहीर केलं होतं की पुढच्या ॲडमिशनला एसएटी, एसीटी, एपी किंवा आयबी यापैकी काहीतरी द्यायलाच लागेल, आणि एपी निवडलंत तर दिलेल्या सगळ्या एपींचे स्कोअर सांगायचे. पण हिची एसएटी चांगली होती, त्यामुळे एपी हा रस्ता घ्यायची वेळच येणार नव्हती. बाबांना येल हवं होतं असं नाही हो, पण नियम वाचून घाबरायला तेवढं पुरलं.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि मला वाटतं सगळ्यात दुर्लक्षित हीच. बारावीचे एपी पेपर मे महिन्यात होतात, कॉलेजची उत्तरं मार्चअखेरपर्यंत येऊन गेलेली असतात आणि १ मेपर्यंत तुम्ही जागा नक्की केलेली असते. म्हणजे बारावीत घेतलेल्या एपींचा स्कोअर अमेरिकेतल्या ॲडमिशनच्या काळात अस्तित्वातच नसतो! कॉलेजला दिसतो तो फक्त कोर्स आणि मधल्या टर्मची ग्रेड. मुलांची बरीच एपी तर बारावीतच असतात. असं असताना या स्कोअरवर ॲडमिशन ठरते असं धरून बसणं म्हणजे लग्न लागल्यावर पत्रिका जुळवत बसण्यासारखं आहे.

पण मग स्कोअरला काहीच किंमत नाही का? आहे, आणि इथे मी आमच्या मंडळातल्या काही जणांशी वाद घालते जे "अहो स्कोअर कोण बघतं" म्हणून मोकळे होतात. निवडक कॉलेजांत वाचणाऱ्यासमोर ए ग्रेडांचा ढीग असतो, ग्रेडा सगळीकडेच फुगल्यात, तिथे बाहेरून आलेला ५ हा त्या ए ला दुजोरा देतो. हिच्या कॅल्क्युलस बीसीच्या ५ चं तेच काम होतं, इंजिनिअरिंगला जाणाऱ्या मुलीचं गणित पक्कं आहे हे त्यातून दिसतं. आणि उलट बाजूने, इंजिनिअरिंगच्या ॲप्लिकेशनमध्ये फिजिक्स सी चा कोर्स दिसतोय, बाकीचे स्कोअर टाकलेत आणि फिजिक्सचा तेवढा गायब, तर अनुभवी वाचणारा काय ते समजतो. माझं मत असं की तरीही टाकू नये. रिकामी जागा ही शंका असते, २ हा पुरावा असतो.

तिची आत्येबहीण पुण्यात बारावीला, तिने इथल्या कॉलेजांसाठी बाहेरून एपी दिल्यात, तिच्या बाबतीत मी नेमकं उलटं सांगितलं असतं. महाराष्ट्र बोर्डाचे मार्क इथल्या वाचणाऱ्याला कसे वाचायचे हे दर वेळी ठाऊक असेलच असं नाही, तिथे कॅल्क्युलसचा ५ हा इथल्या मुलांच्याच फूटपट्टीवरचा आकडा असतो आणि म्हणून जास्त बोलतो. ब्रिटनला जायचं तर विषयच वेगळा, तिथल्या युनिव्हर्सिट्या एपीचे स्कोअर थेट अटीत घालतात, अमुक इतक्या विषयांत ५ आणा मगच जागा पक्की, म्हणजे बारावीच्या मे महिन्यातला पेपर तिथे खरोखर ॲडमिशन घालवू शकतो. बाबांची भीती लंडनला बरोबर होती, न्यू जर्सीत नाही. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला असलेल्या काकांनी मध्येच वेगळं सुरू केलं की यूसीला, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाला, टाका, तिथे ३ ला पण युनिट्स मिळतात. तेही खरं, यूसी ३ पासून पुढे क्रेडिट देतं, एसएटी तर बघतच नाही, आणि त्यांच्या जीपीएत एपी कोर्सला जो वरचा पॉइंट मिळतो तो कोर्सच्या ग्रेडवर मिळतो, परीक्षेत काय झालं त्यावर नाही. पण बाहेरच्या राज्यातल्या मुलांची यूसीची फी ऐकल्यावर तो विषय जेवणाच्या टेबलावरच संपला.

तर ठरलं काय. कॅन्सल नाही. कॅन्सल फुकट असतं पण कायमचं असतं, स्कोअर रेकॉर्डवरून पुसला जातो, आणि आधी गेलेल्या रिपोर्टमधून तो परत येत नाही. म्हणजे रटगर्सकडचा २ तसाच राहणार आणि आपण उगाच मनाचं समाधान करून घेणार. पैसे भरून थांबवणंही नाही, त्याला प्रत्येक कॉलेजमागे प्रत्येक स्कोअरला १० डॉलर लागतात, ते ऑफिशियल रिपोर्ट पाठवायची वेळ आली तर बघू. कॉमन ॲपमध्ये कॅल्क्युलस, लँग्वेज आणि वर्ल्ड हिस्ट्री टाकायचे, यूएस हिस्ट्रीचा ३ आणि फिजिक्सचा २ नाही टाकायचा. ३ वर थोडी चर्चा झाली, आईचं म्हणणं पास आहे तर टाका, पण निवडक कॉलेजांत ३ ने काही भर पडत नाही आणि ती हिस्टरी मेजर करणार नव्हती.

एक गोष्ट मात्र मी आधी शाळेत फोन करून विचारायला लावली आणि ही प्रत्येकाने विचारावी: तुमची शाळा ट्रान्स्क्रिप्टवर, म्हणजे कोर्स आणि ग्रेडांच्या अधिकृत कागदावर, एपीचे स्कोअर छापते का? काही शाळा छापतात. छापत असतील तर निवडायचा प्रश्नच उरत नाही, कॉलेजला सगळं दिसणारच. हिची शाळा छापत नव्हती, काउन्सेलरने एका ओळीत उत्तर दिलं.

खरा बदल बारावीच्या कोर्सांत झाला. मुलीचं म्हणणं होतं फिजिक्स सी चा दुसरा भाग, म्हणजे इलेक्ट्रिसिटी अँड मॅग्नेटिझम, सोडून द्यावा आणि एपी सायकॉलॉजी घ्यावं, जीपीए सुरक्षित. इथे मी ठाम नाही म्हटलं. मेकॅनिकलला अर्ज करणारी मुलगी बारावीत फिजिक्स सोडते हे ट्रान्स्क्रिप्टवर ठळक दिसतं, आणि ट्रान्स्क्रिप्ट तर सगळेच वाचतात. न दिसणारा २ लपवायला दिसणारी माघार कशाला? तिने दुसरा भाग घेतला. आणि शिफारसपत्र फिजिक्सच्याच सरांकडून मागितलं, यावर बाबा चाट पडले, "ज्या विषयात आपटली त्याच सरांकडून?" पण त्या सरांनी तिला दोन वर्षं बघितलेलं, लॅबमध्ये ती काय करते ते त्यांना माहीत, आणि बी प्लसवाल्या मुलीबद्दल जो शिक्षक मनापासून लिहितो ते पत्र ए वाल्यांच्या छापील पत्रांपेक्षा वाचायला बरं असतं असं मला वाटतं. पत्रात काय होतं ते आम्हाला कधीच कळलं नाही, ते कळतही नसतं.

नोव्हेंबरात रटगर्सला अर्ली ॲक्शनमध्ये, म्हणजे लवकर अर्ज आणि लवकर उत्तर या फेरीत, अर्ज गेला. रटगर्सला ट्रान्स्क्रिप्टऐवजी एसआरएआर असतं, मुलाने स्वतः बसून नववीपासूनचा प्रत्येक कोर्स आणि ग्रेड टाइप करायची. ती टाइप करत असताना बाबा शेजारी बसले होते आणि मला वाटतं त्या दिवशी त्यांना पहिल्यांदा पटलं, कारण स्क्रीनवर फिजिक्स सी समोर बी प्लस लिहिलं जात होतं आणि २ कुठेच नव्हता. जानेवारीच्या शेवटी इंजिनिअरिंगची ॲडमिशन आली. त्यांच्याकडे तो २ वाला रिपोर्ट आधीपासून पडलेला असूनही आली. बाकीच्यांत दोन ठिकाणी नाही म्हणाले, एका ठिकाणी वेटलिस्ट, एका खाजगी कॉलेजात मिळाली पण फी डोळे पांढरे करणारी. दोन नकार २ मुळे आले का? तिने तिथे तो सांगितलाच नव्हता, आणि ती दोन्ही कॉलेजं अशी की तिथे सगळीकडे ५ असलेली मुलंही रांगेने नाकारली जातात. बाबा अजून अधूनमधून म्हणतात की रिकाम्या जागेवरून त्यांनी ओळखलं असणार. असेलही.

आता स्कोअर खरा कुठे चावला ते सांगते. मे २०२५ मध्ये तिने दुसऱ्या भागाचा पेपर दिला. पेपर बदलला होता, आता तीन तासांचा, ऑब्जेक्टिव्ह ब्लूबुक नावाच्या ॲपवर स्क्रीनवर आणि मोठे प्रश्न हाताने कागदावर. त्यात ४ आले. मेकॅनिक्सही पुन्हा देता आलं असतं, दोन्ही स्कोअर रिपोर्टवर राहतात एवढंच, पण तिने नाही दिलं, ९९ डॉलर आणि पुन्हा तीच तयारी नको म्हणाली. मग उन्हाळ्यात कॉलेजच्या प्लेसमेंटची वेळ आली. रटगर्समध्ये क्रेडिटसाठी सरसकट ४ किंवा ५ लागतात. बीसीच्या ५ ने कॅल्क्युलसचे पहिले दोन्ही कोर्स सुटले, ती थेट मल्टिव्हेरिएबलला, म्हणजे त्यापुढच्या कॅल्क्युलसला, जाऊ शकत होती. वर्ल्ड हिस्ट्रीचा ४ इलेक्टिव्ह म्हणून जमा झाला, जो इंजिनिअरिंगच्या डिग्रीत फार कामाला येत नाही, क्रेडिट खात्यात पडणं आणि डिग्रीत उपयोगी पडणं या दोन गोष्टी आहेत. यूएस हिस्ट्रीचा ३ वाया. आणि मेकॅनिक्स? पहिल्या वर्षाचं ॲनालिटिकल फिजिक्स सुरुवातीपासून.

बाबांचा हिशोब असा होता की एपीने निदान पैसे तरी वाचतील, एवढ्या परीक्षांचे पाच-सहाशे डॉलर भरलेत. मग फीचा कागद पाहिला. फुल टाइम विद्यार्थ्याची ट्यूशन १२ क्रेडिट्सच्या पुढे तीच राहते, त्यामुळे दोन कोर्स सुटले म्हणून त्या सेमिस्टरची फी कमी होत नाही, एक अख्खं सेमिस्टर लवकर संपलं तरच वाचतात. आणि इंजिनिअरिंगमध्ये कोर्स एकमेकांना साखळीसारखे बांधलेले असतात, स्टॅटिक्सनंतर डायनॅमिक्स, त्यानंतर पुढचं, त्यामुळे गणित सुटून सेमिस्टर वाचेलच असं नाही. कॉलेजागणिक हे एवढं बदलतं की कॅलटेक एपीला क्रेडिटच देत नाही, एमआयटी बीसीच्या ५ वर पहिलं कॅल्क्युलस सोडतं, टेक्सासमधल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना तर २०१५ च्या कायद्याने ३ वर क्रेडिट देणं साधारण बंधनकारक केलंय. तोच स्कोअर पण तीन राज्यांत तीन भाव.

सप्टेंबरात घरात शेवटचा वाद झाला तो मल्टिव्हेरिएबलचा. बाबा म्हणाले सुटलंय ना, उडी मार. मुलगी म्हणाली कॅल्क्युलस २ पुन्हा करते, ए मिळेल, सोपं जाईल. मी या वेळी बाबांच्या बाजूने, कारण बीसीमध्ये तिचे ५ खरे होते, सिरीज आणि पोलर कोऑर्डिनेट्स तिला विचारून बघितले आणि तिने स्वयंपाकघराच्या ओट्याशी उभी राहून किराणा यादीच्या मागे सोडवून दाखवले. फिजिक्सला मात्र उडी मारायचा मोह झाला असता तरी मी नाही म्हटलं असतं, तिथे २ ने बरोबर सांगितलं होतं. पहिल्या सेमिस्टरला तिने मल्टिव्हेरिएबल आणि ॲनालिटिकल फिजिक्स दोन्ही घेतले, रोटेशनचा भाग आला तेव्हा रात्री मेसेज आला, "मावशी, हे आता कळतंय."

धाकटा भाऊ नववीत आहे. बाबांनी परवा विचारलं की याला दहावीत किती एपी घालू, मी म्हटलं आधी शाळेचं प्रोफाइल काढा, त्यात दहावीच्या मुलांना काय घ्यायची परवानगी आहे ते बघा, मग बोलू.